मांजराचा विमानप्रवास : वजन, पावती आणि जबाबदारी

कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला धरून राहते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. घरात मांजरे फार झाली की एखादे पोत्यात घालायचे, ओढ्यापलीकडे सोडून यायचे आणि चार दिवसांनी तेच मांजर चुलीपाशी अंग मुडपून बसलेले पाहायचे, हा अनुभव बेळगाव-खानापूरकडच्या पुष्कळ घरांनी घेतलेला असेल. मांजराचा प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एवढेच चित्र उभे राहते. पोते आपले आणि परतीची वाट त्याची त्याने शोधायची!

परंतु आता परिस्थिती बदलली आहे. बेळगावची मुले-मुली नोकरीसाठी बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे जातात. कोणी उच्च शिक्षणासाठी जर्मनी किंवा इंग्लंड गाठतात. काही वर्षांनी आईवडीलही घराला कुलूप लावून मुलांकडे राहायला जातात. अशा वेळी मांजराचे काय करायचे, हा प्रश्न घरात शेवटच्या आठवड्यात निघतो. भांडीकुंडी ट्रकमध्ये जातात, कुंड्या शेजारी घेतात. मांजर मात्र कोणाच्याच यादीत नसते. घराला धरून राहणाऱ्या प्राण्याचे घरच उठले, तर त्याने कोठे परतायचे? म्हणून अलीकडे अनेक कुटुंबे मांजराला विमानाने बरोबर नेऊ लागली आहेत. ते कसे न्यावे, त्याला कोणते नियम लागू होतात आणि वाटेत काही विपरीत घडले तर जबाबदारी कोणाची, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे तो या विषयाकडे थोडासा बिल्टी आणि पावतीच्या बाजूने पाहणार आहे. पण पावतीचा हा प्रश्न शेवटी मांजराच्या जिवापाशीच येऊन ठेपतो, हे वाचकांना पुढे दिसेल.

मांजर आणि आकाश

मांजराचे आकाशात जाणे ही काही अगदी नवी गोष्ट नाही. ऑक्टोबर १९१० मध्ये वॉल्टर वेलमन यांनी ‘अमेरिका’ नावाच्या वायुनौकेतून अटलांटिक महासागर ओलांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नौकेवर एक मांजर होते. उड्डाण होताच त्याने इतका गोंधळ घातला की त्याला पिशवीत घालून खालच्या बोटीत उतरवण्याची खटपट करावी लागली. समुद्र खवळलेला असल्यामुळे ते जमले नाही आणि पिशवी पुन्हा वर ओढून घ्यावी लागली. उडत्या वायुनौकेवरून बिनतारी यंत्राने पाठवलेला पहिला संदेश या मांजराच्या तक्रारीचाच होता, असे सांगतात. पुढे ती मोहीम फसली. पण माणसे आणि मांजर दोघांनाही ‘ट्रेंट’ नावाच्या जहाजाने सुखरूप उचलले. १८ ऑक्टोबर १९६३ रोजी तर फ्रान्सने फेलिसेट नावाची मांजरी अग्निबाणातून अंतराळात पाठवली आणि ती जिवंत परत आली.

ही सर्व मोहिमेची मांजरे झाली. आपल्याला विचार करायचा आहे तो भाडे भरून जाणाऱ्या मांजराचा.

विमानात जाण्याचे तीन मार्ग

मांजर विमानाने तीन प्रकारे जाऊ शकते. पहिला प्रकार म्हणजे प्रवाशाबरोबर केबिनमध्ये. यात मांजर हवेशीर पिशवीत किंवा लहान पिंजऱ्यात असते, पिशवी पुढच्या आसनाखाली ठेवावी लागते आणि प्रवासभर उघडता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे त्याच विमानाच्या पोटातील सामानकक्षात, प्रवाशाचे नोंदवलेले सामान म्हणून. तिसरा प्रकार म्हणजे माल किंवा कार्गो म्हणून. येथे प्रवासी बरोबर असलाच पाहिजे असे नाही. एअर वे-बिल, म्हणजे विमानाची बिल्टी फाडली जाते आणि पाठवणारा व घेणारा अशी दोन नावे त्यावर येतात.

यांपैकी कोणता मार्ग खुला आहे, हे विमान कंपनीवर अवलंबून असते. काही कंपन्या पाळीव प्राणी मुळीच नेत नाहीत, काही फक्त माल म्हणून नेतात. एअर इंडिया पूर्वीपासून केबिनमध्ये लहान प्राणी नेत आली आहे. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली, तेव्हा केबिनसाठी पिंजऱ्यासह ७ किलोंची मर्यादा ठेवली होती. या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कंपनीकडून त्या दिवशीचा नियम लेखी मागून घ्यावा. एका विमानात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते. तेव्हा आधी मांजराची जागा पक्की करावी आणि मग आपले तिकीट काढावे. आपल्या सांबरे विमानतळावरून सुटणाऱ्या विमानात सोय नसेल, तर गोवा किंवा बंगळूर गाठावे लागते. मग चोर्ला किंवा आंबोली घाटातली वळणेही मांजराच्या प्रवासात धरली पाहिजेत, कारण मांजराला विमानापेक्षा मोटार अधिक लागते.

केबिनची मर्यादा मांजर आणि पिंजरा यांचे मिळून वजन धरते, हे विसरू नये. साधारण घरगुती मांजर साडेतीन ते पाच किलोंचे भरते आणि कापडी पिशवी एखाद्या किलोची असते. पण लाडावलेल्या बोक्याचे गणित चुकते. २०१९ साली रशियातील एका प्रवाशाचा व्हिक्टर नावाचा बोका १० किलोंचा निघाला आणि एअरोफ्लोट कंपनीची मर्यादा होती ८ किलोंची. प्रवाशाने शक्कल लढवली. दुसऱ्या दिवशी तशीच दिसणारी एक हलकी मांजरी काट्यावर ठेवली आणि विमानात मात्र व्हिक्टरला नेले. ही हकिकत त्याने स्वतःच जगाला सांगितली आणि कंपनीने त्याला नेहमीच्या प्रवाशांच्या सवलत योजनेतून काढून टाकले. साठवलेले सारे मैल गेले. व्हिक्टर मात्र घरी सुखरूप पोहोचला. काटा आणि बोका यांच्या झगड्यात माणसाचेच दिवाळे निघते, असा याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

विमानाच्या पोटात काय असते?

सामानकक्ष म्हटला की अंधारी, गोठवणारी आणि हवा नसलेली पोकळी अशी अनेकांची कल्पना असते. ती पूर्णपणे बरोबर नाही. प्रवासी जेटविमानांत सामानकक्षातील हवेचा दाब केबिनइतकाच राखलेला असतो. केबिनमध्येही आपण जमिनीवरच्या दाबात बसत नाही; साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका तो दाब असतो. जिवंत प्राणी ठेवण्याच्या कक्षात हवा खेळती व उबदार ठेवण्याची सोय असते, आणि खाली प्राणी आहे हे वैमानिकाला उड्डाणापूर्वी लेखी कळवले जाते. मात्र प्रत्येक विमानाच्या प्रत्येक कक्षात ही सोय नसते. म्हणून प्राणी नोंदवल्याशिवाय सामानात ढकलणे हा केवळ नियमभंग नव्हे, तर जिवाशी खेळ आहे.

खरा धोका बहुतेक वेळा आकाशात नसतो, जमिनीवर असतो. एप्रिल-मे महिन्यांत विमानतळाच्या फरशीवर पिंजरा अर्धा तास जरी उन्हात राहिला, तरी आतली हवा तापते. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गादीतून थोडासा येतो तेवढाच. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे किंवा रात्रीचे विमान निवडावे आणि शक्यतो वाटेत विमान बदलावे लागणार नाही असे पाहावे. चपट्या नाकाच्या जातींना, विशेषतः पर्शियन मांजरांना, अधिक जपावे लागते. त्यांचा श्वासमार्ग आखूड व अरुंद असल्यामुळे उष्णता आणि भीती यांत त्यांना श्वास पुरत नाही. अशा जाती सामानकक्षात घेण्यास बऱ्याच कंपन्या नकार देतात. तो नकार आपल्या हिताचा समजावा.

पिंजरा कसा असावा?

प्राण्यांच्या हवाई वाहतुकीसाठी ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी नियमांचे पुस्तक काढते. त्यात कोणत्या प्राण्याला कसा पिंजरा हे क्रमवार दिलेले आहे, आणि त्या यादीत पहिला क्रमांक कुत्र्या-मांजरांचा आहे. त्याचे सार सोपे आहे: मांजराला आत सरळ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे आणि नेहमीसारखे अंग टाकून झोपता आले पाहिजे. हवा खेळायला बाजूंना जाळी हवी, दार आतून ढकलून उघडता कामा नये, तळ गळका नसावा आणि पाण्याचे भांडे दार न उघडता बाहेरून भरता आले पाहिजे. पिंजऱ्यावर ‘जिवंत प्राणी’ अशी चिठ्ठी आणि वरची बाजू दाखवणारे बाण लावलेले असतात.

येथे भाड्याचा एक मुद्दा येतो. माल हलका पण आकाराने मोठा असला की विमान कंपनी त्याचे वजन आकारावरून काढते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ६,००० ने भागायचे. समजा, पिंजरा ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. गुणाकार ९६,००० आणि भागाकार १६. म्हणजे पिंजऱ्यासह मांजर काट्यावर ६ किलो भरले, तरी भाडे १६ किलोंचे द्यावे लागते. म्हणून पैसे वाचवण्यासाठी लहान पिंजरा घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. येथे आपण जी वाढीव रक्कम भरतो, ती मांजराला वळायला मिळालेल्या जागेची आहे.

कागदपत्रे

आपल्या देशात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला आणि त्याखाली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ साली आले. रेल्वे, रस्ता, जहाज आणि विमान या सर्वांना ते लागू आहेत आणि त्यांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार प्राणी प्रवासास योग्य असून त्याला रेबीजसह कोणताही संसर्गजन्य रोग दिसत नाही, असा पशुवैद्याचा दाखला लागतो. गाभण मांजरीचे दिवस भरत आले असतील तर तिला नेता येत नाही. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी किमान दोन तास आधी खाणेपिणे दिले पाहिजे आणि वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी दिले पाहिजे, असेही त्यांत म्हटले आहे. देशांतर्गत प्रवासाला हा दाखला, रेबीजची लस टोचल्याची नोंद असलेले पुस्तक आणि कंपनीचा अर्ज एवढे बहुधा पुरते. दाखला किती दिवसांच्या आतला हवा, हे कंपनीला विचारून घ्यावे.

परदेशाची गोष्ट निराळी आहे. तेथे महिन्यांचा हिशेब करावा लागतो. उदाहरणार्थ, भारतातून जर्मनीत किंवा युरोपीय संघाच्या दुसऱ्या देशात मांजर न्यायचे असेल, तर क्रम असा: प्रथम मानेजवळ कातडीखाली ओळखक्रमांकाची सूक्ष्म चकती बसवायची, त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचे. लस बारा आठवड्यांच्या आत दिलेली चालत नाही. म्हणजे पिल्लू सात महिन्यांचे होईपर्यंत ते युरोपला निघूच शकत नाही. चकती बसवण्यापूर्वी दिलेली लस धरली जात नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. क्रम उलटला की सगळे पहिल्यापासून. ज्या विद्यार्थ्याला जूनमध्ये प्रवेशपत्र येते आणि सप्टेंबरमध्ये निघायचे असते, त्याच्या मांजराची तयारी त्याच्या अर्जाबरोबरच सुरू झाली पाहिजे. इंग्लंडमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी फक्त माल म्हणून येऊ शकतो, मांडीवर किंवा आसनाखाली नाही. तरी २००० सालापूर्वीच्या मानाने ही सोयच म्हणायची. तेव्हा तेथे पोहोचणाऱ्या मांजराला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत.

परत येतानाही भारत सरकारच्या पशु-विलगीकरण सेवेचा ना-हरकत दाखला लागतो. या सेवेची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूर येथे आहेत. त्यामुळे परदेशातून मांजर घेऊन येणाऱ्या बेळगावकराने गोव्याचे तिकीट न काढता मुंबई किंवा बंगळूरचे काढावे.

प्रवासाची तयारी

मांजराचे जग वासाने आखलेले असते. गाल घासून, अंग घासून ते प्रत्येक वस्तूवर आपली खूण ठेवते. ‘घराला धरून राहणे’ म्हणतात ते हेच. म्हणून प्रवासाच्या सकाळी नवा कोरा पिंजरा आणून त्यात मांजर कोंबणे, ही सगळ्यात वाईट पद्धत. तीन-चार आठवडे आधीपासून पिंजरा दार उघडे ठेवून घरात ठेवावा, आत त्याच्या अंथरुणाचे जुने फडके घालावे, अधूनमधून खाणे तेथेच द्यावे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तर दोन महिने आधीपासून दुपारची भाकरी-दूध पिंजऱ्यातच द्यायला सुरुवात केली होती. बंगळूरला निघायच्या दिवशी मांजर आपण होऊन आत जाऊन बसले. शेजारच्या कन्नड शाळेतील बाईंनी “नम्म बेक्कु होरटितु!” म्हणून त्याला निरोप दिला. ‘आमचे मांजर निघाले’ असे म्हणणारी दोन भाषांतली दोन घरे असली, की त्या मांजराने गल्ली चांगली राखली होती असे समजावे.

निघण्यापूर्वी चार ते सहा तास पोटभर खाणे देऊ नये, म्हणजे उलटी होत नाही. थोडे पाणी मात्र द्यावे. १९७८ च्या नियमातील दोन तास ही कमीत कमी मर्यादा आहे, त्याहून आधी खाऊ घालण्यास अडचण नाही. मांजर बरेच तास लघवी धरून ठेवू शकते, तरी पिंजऱ्यात पाणी शोषणारे फडके असावे. झोपेचे औषध मात्र आपल्या मनाने कधीही देऊ नये. त्याने रक्तदाब आणि श्वास यांवर परिणाम होतो, तोलही जातो, आणि वर आकाशात तपासायला कोणी नसते. गुंगीतले जनावर कंपन्याही नाकारतात. भीती फारच असेल तर पशुवैद्याला भेटावे. त्याने सौम्य औषध सुचवलेच, तर ते एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन परिणाम आधी पाहून ठेवावा.

सर्वांत नाजूक क्षण सुरक्षा तपासणीचा. येथे रिकामा पिंजरा यंत्रातून जातो आणि मांजर बहुधा हातात घेऊन दारातून जावे लागते. चारी बाजूंना आवाज, अनोळखी माणसे, आणि पिंजऱ्याचा आडोसाही काढून घेतलेला! मांजर पळते ते याच वेळी. म्हणून छातीला बांधायचा पट्टा आणि दोरी आधीच घालून ठेवावी आणि शक्य असेल तर तपासणी बंद खोलीत करण्याची विनंती करावी. ऑगस्ट २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जॅक नावाचे मांजर उड्डाणापूर्वीच पिंजऱ्यातून निसटले. अनेक लोकांनी त्याचा शोध घेतला. दोन महिन्यांनी ते त्याच विमानतळावर छताच्या फळ्यांतून खाली पडले, पण उपासमारीने आणि जखमांनी इतके खंगले होते की नोव्हेंबरात त्याला शांतपणे मरण द्यावे लागले. ते विमानात चढलेच नव्हते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हरवले तर किंमत किती?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपण बी. कॉम.च्या वर्गात १९३० चा माल विक्री कायदा शिकतो. त्यात ‘माल’ म्हणजे सर्व प्रकारची जंगम मालमत्ता. गाय, घोडा, मांजर हे सारे त्यात येते. विमानाच्या कायद्यातही तीनच खाने आहेत: माणसे, सामान आणि माल. चौथा खाना नाही. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने हाच प्रश्न सोडवला. २०१९ मध्ये ब्वेनोस आयरेसहून बार्सेलोनाला जाणाऱ्या एका बाईंची कुत्री विमानात चढवताना पळाली आणि सापडली नाही. त्यांनी मनस्तापापोटी ५,००० युरो मागितले. न्यायालयाने सांगितले की पाळीव प्राणी हा माणूस नव्हे; म्हणून तो या करारापुरता ‘सामान’च ठरतो आणि भरपाईही सामानाच्या मर्यादेतच मिळेल. बाईंनी प्रवासापूर्वी मूल्याची विशेष घोषणा केली नव्हती, हेही त्यात महत्त्वाचे ठरले.

ज्या कराराचा अर्थ न्यायालयाने लावला, तो १९९९ चा मॉन्ट्रियल करार. २००९ पासून भारतही त्यात आहे. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी करार तोच. त्यात भरपाईची मर्यादा एस.डी.आर.मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष उचल हक्कांत मोजतात. डॉलर, युरो, चिनी युआन, येन आणि पौंड या पाच चलनांच्या टोपलीवरून त्याची किंमत ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा प्रवाशाच्या सामानासाठी दर प्रवाशामागे १,५१९ एस.डी.आर. आणि मालासाठी दर किलोमागे २६ एस.डी.आर. अशी आहे.

आता हिशेब करू. तेच मांजर, तोच पिंजरा, वजन ६ किलो. ते आंतरराष्ट्रीय प्रवासात नोंदवलेले सामान म्हणून गेले, तर मर्यादा १,५१९. माल म्हणून गेले, तर ६ गुणिले २६ म्हणजे १५६. सुमारे दहा पटींचा फरक, आणि तो केवळ कागदावरच्या खान्याचा! देशांतर्गत प्रवासासाठी २०१४ च्या सरकारी अधिसूचनेने सामानाला दर प्रवाशामागे २०,००० रुपये आणि मालाला किलोमागे ३५० रुपये अशी मर्यादा घातली. म्हणजे माल म्हणून पाठवलेल्या आपल्या मांजरासाठी ६ किलोंचे २,१०० रुपये. गंमत अशी की भाडे घेताना आकारावरून १६ किलो धरले जातात आणि भरपाई देताना मात्र गठ्ठ्याचे प्रत्यक्ष वजन पाहिले जाते. केबिनमधले मांजर हातातले सामान ठरते. तेथे कंपनीची चूक दाखवून द्यावी लागते. शिवाय मालाच्या अंगभूत दोषामुळे किंवा पाठवणाऱ्याच्या सदोष बांधणीमुळे नुकसान झाल्याचे कंपनीने सिद्ध केले, तर तिची जबाबदारी तेवढी कमी होते. आधीपासून आजारी मांजर आणि कमकुवत कडीचा पिंजरा ही त्याची सरळ उदाहरणे होत.

यावर करारानेच एक उपाय दिला आहे. सामान किंवा माल ताब्यात देताना मालकाने त्याच्या मूल्याची विशेष घोषणा करायची आणि कंपनीने मागितल्यास जादा रक्कम भरायची. मग मर्यादा घोषित रकमेइतकी वाढते. फार थोडे लोक ही घोषणा करतात, कारण खिडकीवर तिच्याविषयी कोणी आपण होऊन विचारत नाही. याखेरीज मुदती लक्षात ठेवाव्यात: इजा झाल्यास सामानाबाबत ७ दिवसांत आणि मालाबाबत १४ दिवसांत लेखी तक्रार, आणि दावा दोन वर्षांच्या आत. मांजर ताब्यात मिळताच, पावतीवर सही करण्यापूर्वी त्याला नीट पाहावे. लंगडत असेल किंवा जखम असेल, तर ते पावतीवरच लिहून घ्यावे.

कोणी म्हणेल, मांजराची किंमत काय पैशात मोजायची? प्रश्न बरोबर आहे. घरच्या साध्या मांजराला बाजारात किंमत नसतेच. ओढ्यापलीकडे सोडले तर ते फुकट मिळते. पण विमान कंपनी ज्या पद्धतीने काम करते, ती पद्धत वजन, खाना आणि घोषित मूल्य यांवरच चालते. ज्या गठ्ठ्यावर मोठी रक्कम घोषित केली आहे, त्याच्याकडे हमाल, कारकून आणि अधिकारी तिघेही अधिक लक्ष देतात, हे वाणिज्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगायला नको. म्हणून घोषणा ही नुसती भरपाईसाठी करायची नसते. भरपाई मागण्याची वेळ येऊ नये यासाठीही करायची असते. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली घातलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे एक कर्तव्य आहे. विमानतळावर ही करुणा अर्ज नीट भरूनच दाखवता येते.

न्यावे की ठेवावे?

प्रत्येक मांजर विमानाने न्यावेच असे नाही. फार म्हातारे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, नाहीतर माणसाच्या सावलीलाही बिचकणारे मांजर असेल, तर पशुवैद्याचा सल्ला घेऊन त्याला ओळखीच्या घरी, ओळखीच्या गल्लीतच ठेवणे अधिक दयेचे ठरते. आठ-पंधरा दिवसांच्या सहलीसाठी तर त्याला नेऊच नये. किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी. पण कुटुंब कायमचे हलत असेल आणि मांजर धडधाकट असेल, तर अनेक मांजरे हा प्रवास चांगला सोसतात. नव्या घरी पोहोचल्यावर पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत, जुन्या फडक्यासह ठेवावे. हळूहळू ते दाराच्या चौकटीला गाल घासू लागेल. तेव्हा त्या घराची नोंद त्याने आपल्या दप्तरी केली असे समजून पिंजरा माळ्यावर टाकायला हरकत नाही.